आखाजीच्या दुपारचं पाखरू

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर आता स्लॅब असेल, नाहीतर पत्रे. त्यामुळे माझी ओळख आधी करून द्यायला हवी. मी एक जुनं कवेलू. मातीचं, हाताने घडवलेलं, अर्ध्या नळीच्या आकाराचं. आसेगावच्या एका कुंभाराने मला चाकावर फिरवून उभं केलं, तेव्हा मी पुरती नळी होतो. माती ओली असतानाच त्याने दोन्ही बाजूंनी चीर दिली आणि भट्टीतून निघाल्यावर हलकेच ठोकून आमचे दोन तुकडे केले. माझा दुसरा अर्धा कुणाच्या घरावर गेला, ते मला आजवर कळलेलं नाही.

बैलगाडीतून मी मेडशीजवळच्या एका खेड्यात आलो. खेडं रानाला लागून होतं. उन्हाळ्यात सागाचा पाचोळा वाऱ्याबरोबर थेट अंगणात यायचा. प्रयागबाईंच्या घराच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, चुलीच्या बरोबर वर, मला पालथं घातलं. आमच्या धंद्यात निम्मे उताणे असतात आणि निम्मे पालथे. उताण्यांतून पाणी वाहून जातं, आम्ही पालथे मधल्या फटी झाकतो. हे काम वर्षानुवर्षं केलं, पण खालून वर पाहून कोणी शाबास म्हटल्याचं आठवत नाही. घर गळलं म्हणजेच माणसांना कवेलू आठवतं.

माझी खरी सोयरीक पायांशी. चिमणी बसली की कळतही नाही. साळुंकीची नखं टोचतात. कावळा मात्र बसत नाही, तो ठाण मांडतो, जणू घर त्याच्या नावावर आहे. आणि वर्षातून एकदा, मृग लागायच्या आधी, प्रयागबाईंचा मुलगा इंद्रभान अनवाणी वर चढायचा आणि आम्हा सगळ्यांना उचलून, झटकून, पुन्हा नीट मांडायचा. असा हलका पाय मी माणसात दुसरा पाहिला नाही. त्याच्या हातून एखादं-दुसरं कवेलू फुटलं तरी तो दिवसभर हळहळायचा.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो. खरं सांगायचं तर त्याच्याकडे यायला माझं मन घेत नाही.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला होता. तेव्हा आमचा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडायचा. विहिरींना तळ दिसत होते, माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती, आणि चुलीवर तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी भाजल्या जात होत्या. त्यांचा वास मला अजिबात आवडायचा नाही. दिवाळीनंतर इंद्रभान गावातल्या चार गड्यांबरोबर बांबू तोडायला मेळघाटाकडे गेला. होळीच्या सुमारास गडी परतले, इंद्रभान परतला नाही. ते म्हणाले, एका दुपारी तो कळशी घेऊन पाणी शोधायला नाल्यात उतरला. हाका मारल्या, दोन दिवस रान पालथं घातलं. कळशी सापडली, कोरडी. इंद्रभान सापडला नाही.

त्याची बायको वच्छला तेव्हा विशीतली असेल. ती हे ऐकून रडली नाही. कळशी घासून तिने फळीवर ठेवली.

त्याच सुमारास मुलखात पाखरांचं काहीतरी विचित्र सुरू झालं. बातम्या एसटीबरोबर यायच्या. मंगरूळपीरकडच्या एका आटलेल्या तळ्यात उंच तांबूस पायांचं एकच पाखरू चिखलात उभं असल्याचं दर्ग्याला जाऊन आलेल्यांनी सांगितलं. ते दिवसभर तसंच उभं होतं म्हणे. आसेगावच्या पडीत शेतात भर उन्हात कमरेएवढा माळढोक गुरांमधून चालत गेला, आणि गुराख्याने सांगितलं की एकाही गुराने मान वर केली नाही. आमच्याच गावात एका सकाळी पाटलांच्या उंबऱ्यावर हिरव्या-निळ्या-तांबड्या रंगांचं शेपूट-आखूड पाखरू मरून पडलेलं सापडलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तसलं कधी पाहिलं नव्हतं.

या सगळ्या पाखरांमागे सायकलवर हिंडणारा एकच माणूस होता, शेषराव मास्तर. गावच्या बौद्धपुऱ्यातला, मेडशीच्या शाळेत शिकवायचा. इंद्रभान आणि तो एका पाटीवर शिकलेले. अंगणाच्या कडेला उभा राहून तो प्रयागबाईंना सांगायचा की रानातले पाणवठे आटले, म्हणून पाखरं अशी बाहेर पडून राहिली आहेत. खरंच असेल. पण मित्रांनो, मी पाख्यावर होतो आणि मला एक गोष्ट ठाऊक होती जी मास्तरला नव्हती. त्या उन्हाळ्यात माझ्यावरून जी परकी पाखरं गेली, त्यांच्यातलं एकही ओरडलं नाही. पंखांचाही आवाज नसायचा. फक्त सावली सरकायची, आणि माझ्या तापलेल्या पाठीवर क्षणभर गारवा यायचा. मला ते आवडत नव्हतं.

कावळे मात्र गावातून गेले होते. दुष्काळी कामांवर जिथे मजुरांसाठी सरकारी सुकडी शिजायची, तिथे ते गेले.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. तुमच्याकडे या दिवशी सोनं घेत असतील. आमच्या वऱ्हाडात आखाजी पितरांची. ऊन माजलेलं असतं, म्हणून घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाने कोरी घागर पाण्याने भरायची, म्हणजे त्याची तहान भागते. आणि त्याच्या नावाचा घास पळसाच्या पानावर घालून पाख्यावर ठेवायचा. कावळा शिवला की पितर जेवला.

प्रयागबाईंनी नवऱ्याच्या नावाची घागर आणली होती. शेजारी दुसरी कोरी घागर दिसली, तेव्हा वच्छलाच्या हातातली परात खाली आली.

“ही कोनाची?” तिने विचारलं.

प्रयागबाईंनी तोंड फिरवलं. त्या कठोर बाई नव्हत्या. रात्र रात्र त्यांना झोप नव्हती हे मला ठाऊक होतं, कारण त्यांची कूस बदलली की खाट वाजायची. “जिता असंन त हासत येईन,” त्या म्हणाल्या. “पन मेला असंन, त या उन्हात पान्यावाचून फिरून राह्यला असंन माहा पोरगा. मले पानी घशाखाली उतरत नाही, वच्छला.”

“जित्या मानसाची घागर कोनी भरत नाही, आत्याबाई,” वच्छला म्हणाली. “तुमी ते भरली, त आजपासून तो मेलाच.”

दोघींचंही खरं होतं, मित्रांनो. एकीला मुलगा तहानलेला दिसत होता आणि दुसरीला तो रस्त्यावरून परत येताना दिसत होता. घागर भरली तर वच्छलाचं कुंकू जायचं, बांगड्या जायच्या. न भरली तर आईच्या जिवाची काहिली. चुलीवरची शेवई तशीच राहिली.

मग प्रयागबाईंचे दीर रामराव आले. भाऊबंदकीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि तोड काढली. इंद्रभानच्या नावाचाही घास वर ठेवायचा. कावळा शिवला, तर पोरगा पितरांत गेला असं समजून घागर भरायची. कोणी शिवलं नाही, तर तो जिवंत आहे, आणि मग रामरावांनी स्वतः या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाही. वच्छलाने मान हलवली. गावात कावळा नाही हे तिलाही दिसत होतंच.

पहिला घास रामरावांनी थोरल्या भावाच्या नावाने ठेवला. त्याला कोणी शिवलं नाही, पण जुन्या पितरांचं एवढं कोणी मनावर घेत नाही. दुसरा घास, पुरणाच्या पोळीचा, पळसाच्या पानावर, त्यांनी काठीने सरकवून माझ्या पाठीवर ठेवला. सगळे अंगणात कडुनिंबाखाली बसले. गरम वारा पडला होता. पान हलत नव्हतं. एवढं ऊन की खालच्या माणसांचे चेहरे मला पाण्यात पडल्यासारखे हलताना दिसत होते.

पुरणाला मुंग्या लागल्या. मुंग्यांसाठी वळचणीतून एक सरडा वर आला. हे सगळं खालून दिसत नव्हतं, मला मात्र त्याच्या पोटाचा थंडपणा जाणवत होता.

आणि मग ते आलं.

ते येताना आवाज झाला नाही. आधी नव्हतं आणि मग होतं. कडुनिंबाच्या वाळक्या फांदीवर, पिंगळ्याएवढं, घुबडाच्या जातीचं, भर दुपारच्या उन्हात डोळे सताड उघडे ठेवून बसलेलं. घुबडं उन्हात दिपतात असं सगळे म्हणतात. हे दिपलं नव्हतं. पिवळे डोळे एकेका माणसावर फिरत वच्छलापाशी आले आणि तिथेच थांबले. ते शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे हलवत होतं.

मग ते झेपावलं आणि माझ्या पाठीवर उतरलं. मित्रांनो, आता जे सांगतो ते मी तेव्हा कुणाला सांगू शकलो नाही. इंद्रभानच्या डाव्या पायाचं एक बोट कुऱ्हाडीने तुटलेलं होतं. दरवर्षी तो वर चढला की ती रिकामी जागा माझ्या पाठीला कळायची. या पाखराच्याही डाव्या पायाचं एक बोट नव्हतं. रानात फासे लावलेले असतात, त्यात पाखरांची बोटं तुटतात, यात नवल ते काय. असं मी स्वतःला त्या दिवसापासून सांगत आलो आहे.

त्याने झडप घातली, चोचीत काहीतरी लोंबतं घेतलं आणि रानाकडे गेलं. ते लोंबतं म्हणजे सरडा होता. त्या धक्क्याने घास पानासकट घसरला आणि माझ्या पोटाखाली, शेजारच्या उताण्या कवेलूत जाऊन अडकला. पण खालून दिसलं ते एवढंच, की पाखरू घासावर बसलं आणि घास नाहीसा झाला.

प्रयागबाईंनी पदर तोंडात धरला. रामरावांनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले की कावळ्याऐवजी घुबडाने घास घेतला, म्हणजे पोरगा नुसता मेला नाही, वाईट मरणाने मेला आणि भटकतो आहे. आता आखाजी उलटेल, तरी येत्या अमावस्येला घागर भरायची आणि वच्छलाला जे करायचं ते करून घ्यायचं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. घास माझ्या पोटाखाली वाळत पडला होता आणि मला तोंड नव्हतं. कोणी शिडी लावून वर पाहिलं असतं, तर दोन क्षणांत उलगडा झाला असता. पण पितरांना दिलेल्या घासाकडे आमच्याकडे कोणी फिरून पाहत नाही. हात लावणं तर दूरच.

आणि पाखरू रोज येऊ लागलं. रोज दुपारी, त्याच फांदीवर. शेजारणी त्या अंगणातून जायच्या बंद झाल्या. एका पोराने गोफण उचलली तर त्याच्या आईने त्याचा हात धरून ओढत नेलं. वच्छला मात्र दुपारी दारात येऊन बसायची. ती पाखराकडे पाहायची, पाखरू तिच्याकडे. पोरीला लागीर झालं, असं गाव म्हणू लागलं.

पाखराची बातमी शेषराव मास्तरपर्यंत गेली. एका सकाळी तो आला आणि गोठ्याच्या सावलीत बसून राहिला. दुपार होऊन कलली तरी तो हलला नाही. पाखरू आलं, फांदीवर बसलं, पाख्यावर झेपावलं, सरडा घेऊन गेलं. पुन्हा आलं, दुसरा नेला. मास्तर उठला आणि त्याने प्रयागबाईंना सगळं काही विचारलं: आखाजीच्या दिवशी काय ठेवलं, कुठे ठेवलं, पाखराच्या तोंडात काय दिसलं. एव्हाना रामरावही आले होते; त्यांच्याकडे वळून तो म्हणाला की मी वर चढून पाहतो.

रामरावांना ते रुचलं नाही. चुलीवरचा पाखा, पितरांचा घास, आणि चढणार कोण, तर बौद्धपुऱ्यातला. त्यांनी ते तोंडाने म्हटलं नाही, पण मास्तरला कळलं. तो खाली पाहत उभा राहिला.

प्रयागबाईंनी शिडी स्वतः आणून भिंतीला लावली. “चढ, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात पितरं नाहीत म्हनता ना. मंग तुले कोनाचं भेव हाय?”

त्याने मला उचललं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला असं अलगद उचलत होतं. खाली पळसाचं पान सुकून काळं पडलं होतं आणि त्यात पोळीचा घास अख्खाच्या अख्खा होता, पापडासारखा कडक. मुंग्यांनी कड कुरतडली होती, चोच लागली नव्हती. मास्तरने ते पान तिथूनच सगळ्यांना दाखवलं. खाली आणलं नाही, एवढा मान त्याने राखला.

“सरडा नेला त्यानं,” तो म्हणाला. “घासाले कोनीच शिवलं नाही.”

रामराव मान खाली घालून उभे राहिले. मग म्हणाले, ठीक आहे, पण भर उन्हात घुबड म्हणजे अशुभच. असलं पाखरू कधी कोणी पाहिलं आहे काय?

शेषराव शिडीवरच थांबला. त्याने मेडशीच्या वनखात्यातल्या साहेबाकडून एक पक्ष्यांचं पुस्तक वाचायला आणलं होतं. “पिंगळा नाही हे,” तो म्हणाला. “पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके रायतात, याच्या डोक्यावर नाहीत. पाय पाहा, कसे जाड अन पांढरे. पुस्तकात चित्र हाय याचं. पन खाली लिवलं हाय, हे पाखरू लई वर्सं कोनाले दिसलं नाही. मेलं, सरलं, असंच समजतेत सारे.”

वच्छला आजवर रामरावांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. ती उंबऱ्यातून बाहेर आली.

“म्हंजे पुस्तकवाल्यांनी त्याची घागर भरून टाकली होती काय, मास्तर?”

पाखरू तोवर फांदीवर परत आलं होतं. रामरावांनी त्याच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि चपला पायात घातल्या. “वयनी,” ते म्हणाले, “म्या शब्द देला होता. कोनी शिवलं नाही. पोरगा जिता हाय.” त्या माणसाने नंतर खरोखरच ती गोष्ट पुन्हा काढली नाही. दिलेला शब्द पाळणं सोपं नसतं, म्हणून मी त्यांचं नाव आदराने घेतो.

वच्छलाचं कुंकू राहिलं. पण प्रयागबाईंच्या डोळ्यांसमोरचा तहानलेला मुलगा काही हटत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कोरी घागर उचलून आपटली. तिचं बूड तेवढं अख्खं राहिलं. त्या खापरात पाणी भरून त्यांनी शिडी लावली आणि ते माझ्या शेजारी ठेवलं. वच्छला खालून पाहत होती.

“पाखराले ठेवून राह्यली,” प्रयागबाई म्हणाल्या. “घागर नोहे ते.”

वच्छलाने शिडी धरली. त्यानंतर दर उन्हाळ्यात एक पाणी आणायची आणि दुसरी शिडी धरायची. त्या पाण्यावर काय काय आलं म्हणून सांगू. पांढऱ्या लांब शेपटीचं एक पाखरू आलं, फितीसारखं. एकदा काळं राजगिधाड आलं, ते सगळा दिवस बसून राहिलं आणि माझे दोन शेजारी त्याच्या भाराने फुटले. आणि आखाजीच्या आसपास, कधी एक वर्ष आड, कधी दोन, ते पिवळ्या डोळ्यांचं यायचं. डाव्या पायाला एक बोट कमी. प्यायचं, आणि जायचं.

इंद्रभान आला नाही.

पुढे घरावर पत्रे आले. मला माझ्या सोबत्यांसह गोठ्यामागे ढिगात टाकून दिलं. वर्षानुवर्षं पाऊस अंगावर घेतला आणि एका दुपारी भंगारासारखं फेकलं, याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. निम्म्याहून अधिक फुटले. पण पत्र्यावर खापर तापायचं, पाणी उकळायचं, म्हणून वच्छलाने ते कडुनिंबाखाली आणलं आणि खापराला टेकू म्हणून ढिगातून एक अख्खं कवेलू शोधलं. ते मी. पाखरं पिण्याआधी माझ्यावर बसत. माझं काम सुटलं नाही.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात प्रयागबाई गेल्या. पुढच्या आखाजीला वच्छलाने त्यांच्या नावाची घागर भरली. रामराव आता वाकले होते. त्यांनी घागरींकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि जेवून गेले.

दुपारी ती खापर भरायला आली. एकटीच होती. गरम वारा पडला होता. पाणी ओतून ती उठणार, तेवढ्यात माझ्या पाठीवर भार पडला. मी तो भार ओळखला. तिने हात जागच्या जागी ठेवला. पाखरू प्यायलं नाही. ते तिच्याकडे पाहत बसलं, हातभर अंतरावर.

मित्रांनो, आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते, तेवढंच. नाहीतर ‘ते’, नाहीतर ‘घरचे’. वच्छलाने इतक्या वर्षांत ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं, तो परतला नाही तेव्हाही नाही. तिने मागे वळून पाहिलं, अंगणात कोणी नव्हतं.

“इंद्रभान,” ती हळूच म्हणाली. “पानी पी.”

पाखराने मान वळवली. हाक ऐकली की आपण वळवतो, तशी. मग ते वाकलं आणि प्यायला लागलं. ते पिईपर्यंत वच्छला हलली नाही, आणि तिच्या डोळ्यांतून पहिल्यांदाच पाणी येत होतं.

आता मी काठाला फुटलो आहे, चीर पाठीपर्यंत आली आहे. येत्या उन्हाळ्यात दोन तुकडे होतील असं वाटतं. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. ऊन तापू लागलं की दारात, छतावर, झाडाखाली, जिथे जमेल तिथे एका पसरट भांड्यात पाणी ठेवा. रोज ते बदला, भांडं घासा. पाखराला दगड मारू नका, ओळखीचं नसलं तर मुळीच नाही. आणि पाणी प्यायला कोण आलं आहे, हे त्याला विचारू नका.